ऊन-पाऊस पाहून बांधलेले घर

सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले की शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत घरांची छपरे बदलत जातात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तिथे तीव्र उताराची छपरे आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे आच्छादन बांधण्याची रीत होती. वाई-साताऱ्याकडे कौलारू वाडे, त्यांना ओसरी आणि मध्ये चौक. कोरेगाव ओलांडून खटाव-माणमध्ये शिरले की पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो आणि छप्पर सपाट होते: लाकडी तुळया, त्यांवर किलच, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यावर पाला आणि वर पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या, मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. एकाच जिल्ह्यात तीन प्रकारची घरे आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. आज मात्र महाबळेश्वरपासून म्हसवडपर्यंत एकाच नकाशाची, काचेच्या मोठ्या खिडक्यांची, सपाट स्लॅबची घरे उभी राहताना दिसतात, आणि मग एका टोकाला स्लॅबवर पत्र्याची शेड टाकावी लागते आणि दुसऱ्या टोकाला एसी लावावा लागतो.

आमचे घर या दोन टोकांच्या मधोमध येते. संगम माहुली ओलांडून कोरेगावच्या वाटेवर, कृष्णेच्या पूर्वेला आमचे गाव आहे. इथे पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेले जुने घर राहण्याजोगे उरले नव्हते आणि त्याच जागेवर नवे बांधायचे ठरले, तेव्हापासून मी या विषयात वाचत, पाहत आणि लोकांना विचारत आले. त्यातून माझे जे मत पक्के झाले ते असे, की घर पर्यावरणाला किती जड जाणार आहे याचा निकाल पाया खणण्यापूर्वी, कागदावरच लागलेला असतो. घर केवढे, त्याचे तोंड कुठे आणि त्याचे सामान किती लांबून येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली तर नंतर छतावर कितीही सोलर पॅनेल बसवले तरी ती चूक भरून निघत नाही.

पहिला प्रश्न आकाराचा, आणि घराघरांत सर्वांत अवघड तोच असतो. आम्ही सहा माणसे आहोत: सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले. पहिला नकाशा तेवीसशे चौरस फुटांचा झाला होता. त्यात बैठकीची खोली वेगळी, टीव्हीची वेगळी, पाहुण्यांची वेगळी, आणि प्रत्येक झोपायच्या खोलीला स्वतंत्र न्हाणीघर. आमच्या वास्तुविशारद बाईंनी त्यावर काही न बोलता एक तक्ता दिला आणि कोणत्या खोलीत दिवसाच्या कोणत्या वेळी कोण असेल ते भरून आणायला सांगितले. तो तक्ता भरताना पाहुण्यांची खोली वर्षातले बहुतेक दिवस रिकामी राहणार, आणि बैठकीच्या खोलीत जे होणार ते सगळे ओसरीवर अधिक चांगले होते, हे घरातल्या सगळ्यांनाच दिसले. अखेर साडेचौदाशे चौरस फुटांवर आम्ही थांबलो. पाहुणे आले की माळ्यावर आणि ओसरीवर झोपतात, जसे ते पूर्वीही झोपत असत.

हे केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हते. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळण्यापूर्वीचे भाजलेले खडे, तयार करताना भट्टीतले इंधन धूर सोडते ते तर झालेच, पण चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि एकूण उत्सर्जनातला मोठा वाटा या दुसऱ्या कारणाचा असतो. म्हणजे भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी तो वाटा तसाच राहील. एक टन क्लिंकरमागे आठशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो. आपल्या हातात सिमेंट कमी वापरणे एवढेच आहे, आणि सिमेंट कमी वापरण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कमी बांधणे. उरलेल्या कामाला आम्ही राखमिश्रित, म्हणजे पीपीसी सिमेंट वापरले. त्यात औष्णिक वीज केंद्रांतली राख पस्तीस टक्क्यांपर्यंत असू शकते, त्यामुळे तितका क्लिंकर वाचतो. त्याला ताकद सावकाश येते, म्हणून ते नीट भिजवावे लागते. गोणपाट अंथरून ते ओले ठेवले तर पाइपने पाणी मारण्यापेक्षा पुष्कळ कमी पाण्यात काम होते. वाळू कृष्णेची घ्यायची नाही हेही आधीच ठरले होते. नदीचे पात्र कसे खरवडले गेले आहे ते आम्ही पुलावरून जाता-येता पाहतो, त्यामुळे सगळे काम क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर, केले.

दुसरा प्रश्न उन्हाचा. याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण यात एक रुपयाही जास्त खर्च होत नाही आणि तरीही बहुतेक घरांत याकडे लक्ष दिले जात नाही. सातारा साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत ऊन सर्वांत अधिक छपरावर पडते, दक्षिणेच्या भिंतीला ते जवळजवळ लागतच नाही. डिसेंबरमध्ये उलट होते. दुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ 49 अंशांवर, दक्षिणेला कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येते, तेव्हा ते हवेही असते. खिडकी चार फूट उंच आणि तिच्या माथ्याला लागून दोन फुटांचा छज्जा असला, तर मार्च आणि सप्टेंबरच्या दुपारी छज्जाची सावली सहा फूट खाली उतरते, म्हणजे संपूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरमध्ये तीच सावली सव्वादोन फुटांपर्यंतच येते आणि खालच्या पावणेदोन फुटांतून कोवळे ऊन फरशीवर पसरते. सासरे हिवाळ्यात दुपारी तिथेच चटई टाकून बसतात. एवढे काम दोन फुटांचा छज्जा करतो. मात्र त्यासाठी खिडकी दक्षिणेलाच हवी आणि छज्जा शोभेपुरता सहा इंचांचा असता कामा नये.

पश्चिमेचे ऊन असे अडवता येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर ते तिरपे येते आणि छज्जाच्या खालून सरळ आत घुसते. पावसाळ्याचे झोडपेही आपल्याकडे नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच येतात. म्हणून घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम धरली आणि पश्चिमेच्या अरुंद बाजूला जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली नेऊन ठेवली. तिथे खिडक्या नाहीत, फक्त वरच्या अंगाला दोन झरोके आहेत. त्या भिंतीपासून पुरेसे अंतर सोडून एक कडुनिंब आणि एक बहावा लावला आहे. स्वयंपाकघर आग्नेयेला असावे हा सासूबाईंचा आग्रह होता आणि तो मला पूर्णपणे योग्य वाटला, कारण सकाळचे ऊन तिथे मिळते आणि पश्चिमेकडून येणारा वारा फोडणीचा धूर घरभर न फिरवता पूर्वेला बाहेर काढतो. देवघरासाठी वेगळी खोली न करता ईशान्येच्या जाड भिंतीत एक मोठा कोनाडा ठेवला.

तिसरा प्रश्न सामानाचा, आणि त्याचे उत्तर आमच्या जुन्या घरातच होते. ते घर एका दिवसात जमीनदोस्त करून मलबा उचलून नेतो, असे जेसीबीवाल्याने सांगितले होते. आम्ही ते हाताने उतरवले. वेळ लागला, मजुरी लागली, पण जे हाती आले त्याची किंमत बाजारभावाने केली तरी ती मजुरीपेक्षा अधिक भरली असती. काळा दगड तर इतका निघाला की नव्या घराचे जोते आणि खालच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंती त्यातच झाल्या. सागाच्या तुळया रंधा मारताच आतून नव्यासारख्या निघाल्या, त्यांतल्या दोन ओसरीला आल्या आणि उरलेल्यांच्या चौकटी झाल्या. शहाबादी फरशी उलटी करून, घासून ओसरीवर बसवली. मंगलोरी कौलांपैकी धड निघालेली वेगळी रचून ठेवली आणि फुटकीही टाकून दिली नाहीत.

भिंतींच्या मधून पांढरीची मातीही ढिगाने निघाली. गावठाणातली ही माती पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या भिंतींत आणि माळवदांत वापरली गेली आहे. ती चाळून, त्यात भुसा आणि शेण कालवून आठ दिवस मुरत ठेवली आणि आतल्या दोन खोल्यांना तिचाच गिलावा केला. त्यावर चुन्याचा हात दिला आहे. या गिलाव्यावर पाण्याचा मारा चालत नाही, म्हणून तो फक्त आत आणि कोरड्या जागी केला. पावसाळ्यातही त्या खोल्यांत ओलसर कोंदट वास येत नाही, कारण माती हवेतली ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते.

दगडाच्या भिंतीविषयी बोलताना आमच्या जिल्ह्यात एक गोष्ट विसरून चालत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यात मातीत रचलेल्या दगडी घरांची सर्वांत अधिक हानी झाली. अशा भिंतीला आतले आणि बाहेरचे अशी दोन तोंडे असतात आणि मध्ये गोटे-माती भरलेली असते. हादरा बसला की दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटतात, भिंत पोटातून फुगते आणि वरचे छप्पर खाली येते. आमच्या जुन्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला त्या पहाटे गेलेली भेग शेवटपर्यंत होती. सासरे ती प्रत्येक नव्या माणसाला दाखवत असत. त्यामुळे जुना दगड वापरायचा म्हणजे जुन्या पद्धतीने रचायचा, असा अर्थ आम्ही घेतला नाही. दर थराला ठरावीक अंतरावर भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचणारा लांब दगड घातला, कोपऱ्यांत उभी सळई घेतली, आणि जोत्यावर, लिंटेलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीवर व छपराखाली असे काँक्रीटचे तीन पट्टे घराला चहूबाजूंनी अखंड फिरवले. याला सिमेंट आणि लोखंड लागले आणि तिथे मी ते कमी करा असे एकदाही म्हटले नाही. पाटण तालुक्यात आजही अधूनमधून जमीन हलते, आणि जे घर पडेल ते कोणत्याही अर्थाने टिकाऊ नाही.

मातीच्या विटांचे, म्हणजे सिमेंट घालून यंत्राने दाबलेल्या न भाजलेल्या ठोकळ्यांचे घर बांधावे अशी माझी फार इच्छा होती. त्यासाठी आधी आपली माती तपासावी लागते आणि ती तपासणी कोणालाही घरी करता येते. काचेची उभट बरणी घेऊन तिचा तिसरा हिस्सा माती भरावी, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून बरणी खूप हलवावी आणि ती स्थिर ठेवावी. रेती मिनिटाभरात तळाला बसते, गाळ काही तासांत बसतो आणि चिकणमाती सर्वांत शेवटी. आमच्या शेतालगतच्या मातीची बरणी दुसऱ्या दिवशी सकाळीही वरच्या अंगाला गढूळच होती आणि तळाला रेतीची जेमतेम बोटभर रेघ दिसत होती. त्याच मातीचा लाडवाएवढा गोळा करून उन्हात ठेवला, तर तो वाळता वाळता आक्रसला आणि त्याला खोल भेगा गेल्या. काळी माती अशीच असते, ओली झाली की फुगते आणि सुकली की आवळते. कपाशी-ज्वारीला ती चांगली, भिंतीला नाही. ठोकळ्यांसाठी निम्म्याहून अधिक रेती असलेली मुरमाड माती लागते, आणि ती आणायची तर कुठल्यातरी डोंगराची कड फोडावी लागणार होती. डोंगर फोडून मातीचे घर बांधणे मला पटले नाही, म्हणून तो बेत सोडला.

जांभ्याचेही असेच झाले. जांभा दिसायला देखणा असतो, उन्हाळ्यात थंड राहतो आणि हल्ली पर्यावरणस्नेही म्हणून त्याचा फार बोलबाला आहे. रत्नागिरीच्या माणसाने जांभ्याचे घर बांधावे हे अगदी योग्य आहे, कारण चिरा त्याच्या अंगणाखालीच असतो. आमच्यापर्यंत तो ट्रकने घाट चढून येतो. आपल्या बाजूला जांभा आहे तो सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पठारांवर, आणि कासच्या पठारावरची सगळी फुले त्याच जांभ्याच्या कातळावरच्या वितभर मातीत उगवतात. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत कास आहे. तो दगड तिथेच राहिलेला बरा.

पायासाठी काळी माती मुरूम लागेपर्यंत काढावीच लागली. मात्र वरचा फूटभर कसदार थर आधी वेगळा काढून कुंपणाच्या कडेला रचला आणि बांधकाम संपल्यावर परसबागेत पसरला. हे एवढे सोपे काम आहे, पण ते खोदाईच्या पहिल्या सकाळी सांगावे लागते, कारण यंत्र एकदा चालू झाले की सगळी माती एकाच ढिगात जाते.

वरच्या मजल्याच्या आणि आतल्या भिंती विटांच्या आहेत. कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या गाळाची माती आणि इंधन दोन्ही खातात, म्हणून विटा जितक्या कमी लागतील तितक्या बऱ्या. केरळमध्ये स्थायिक झालेले, जन्माने ब्रिटिश वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिकडे रूढ केलेली रॅट ट्रॅप बाँडची पद्धत आम्ही वापरली. यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करतात. नऊ-चार-तीनची वीट असेल तर नऊ इंची भिंतीत तीन-तीन इंचांची दोन तोंडे आणि मध्ये तीन इंचांची पोकळी राहते. साधारण पाव हिस्सा विटा वाचतात, मसालाही कमी लागतो आणि मधल्या हवेमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो.

हे सगळे मी उत्साहाने सांगितले तेव्हा आमचे मिस्त्रीकाका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, भिंत पोकळ ठेवायची म्हणताय, तर स्लॅबचं वजन ती घेणार कुठं?" प्रश्न रास्त होता आणि त्याला कागदावर उत्तर देण्यात अर्थ नव्हता. त्यांनी कुंपणाजवळ कमरेएवढी नमुन्याची भिंत बांधली. पहिलाच थर बिघडला, कारण हाताने पाडलेल्या विटा एकसारख्या नसतात आणि या पद्धतीत दोन सुतांचा फरकही लगेच दिसतो. मग त्यांनी स्वतःच एक फळी घेऊन तिच्यावर मापाच्या दोन खिळपट्ट्या ठोकल्या. जी वीट त्यांत बसेल ती उभ्या भिंतीला आणि जी बसणार नाही ती पायऱ्या-कट्ट्याला, अशी निवड दोन पोरांना लावून दिली. दुसरी भिंत ओळंब्यात आली. कोपरे, दारा-खिडक्यांच्या कडा, तळाचा थर आणि खिडकीच्या खालचा-वरचा थर भरीवच ठेवायचा असतो, वजन तिथून उतरते, हे बाईंनी त्यांना त्या भिंतीवरच दाखवले. पुढे त्याच मिस्त्रीकाकांनी कोपऱ्याच्या पोकळीत सळई सोडून काँक्रीट भरायची सोय आमच्या कोणाच्याही आधी सुचवली. नव्या पद्धतीला गवंडी तयार होत नाहीत, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. माझा अनुभव असा, की त्यांना नमुना बांधायला वेळ आणि त्याची मजुरी दिली तर ते तयार होतात आणि काम सुधारूनही देतात.

छपराचा निम्मा भाग कौलारू आहे आणि उरलेल्या भागावर फिलर स्लॅब आहे. स्लॅबच्या खालच्या अंगाला जो ताण येतो तो सळई घेते, तिथले काँक्रीट केवळ जागा भरते. म्हणून सळयांच्या चौकटींमध्ये जुनी मंगलोरी कौले एकावर एक उपडी ठेवून वर काँक्रीट ओतले. काँक्रीट वीस टक्क्यांहून अधिक वाचले, स्लॅब हलका झाला आणि दोन कौलांमधल्या हवेमुळे दुपारचा ताव कमी झाला. माथ्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक केला आहे. मे महिन्यात सर्वांत अधिक ऊन छपरावरच पडते हे वर आलेच आहे, त्यामुळे छप्पर पांढरे करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास असल्यामुळे आपल्याला एक मोठी देणगी आहे, ती म्हणजे उन्हाळ्यातली रात्र. दिवसा पारा अडतीसवर गेला तरी पहाटेपर्यंत तो बावीसच्या आसपास उतरतो. जाड दगडी भिंतीतून उष्णता आत यायला आठ-दहा तास लागतात, तोवर बाहेर रात्र झालेली असते. लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीत, 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेल्या त्या दगडी महालात, मे महिन्याच्या दुपारी जो गारवा लागतो त्यामागेही जाड दगडाचा हाच गुण आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर रात्री खिडक्या उघड्या आणि दिवसा बंद ठेवायच्या असतात. आम्ही संध्याकाळी सगळ्या खिडक्या आणि जिन्याच्या माथ्यावरचा झरोका उघडतो, सकाळी नऊच्या सुमारास त्या लोटून घेतो, आणि पंख्यांवर आमचे भागते.

पाण्याचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः मांडावा, कारण तो मांडल्यावर डोळे उघडतात. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे छप्पर नव्वद चौरस मीटर आहे. सातशे मिलिमीटर पावसात त्यावर त्रेसष्ट हजार लिटर पडते आणि वाया जाणारे वजा केले तरी पन्नास हजार लिटर हाती येते. ते सगळे साठवण्याएवढी टाकी बांधणे म्हणजे पुन्हा सिमेंटच, म्हणून आम्ही फक्त पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याचा विचार केला. सहा माणसांना त्यासाठी दिवसाला पन्नास लिटर लागते, पावसाविना आठ महिने म्हणजे बारा हजार लिटर. ओसरीखाली पंधरा हजारांची टाकी आहे, ती जुलैअखेर भरते आणि जूनपर्यंत पुरते. पहिल्या सरींचे पाणी बाजूला सोडून पुढचे वाळू, खडी आणि कोळशाच्या गाळणीतून घेतो. टाकीत उजेड शिरू दिला नाही तर शेवाळ धरत नाही. भरून वाहणारे पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जाते. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या दगडात, पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरातून आणि भेगांतून, त्यामुळे खड्डा मुरमापर्यंत गेला तरच उपयोग होतो. काळ्या मातीत खणलेला उथळ खड्डा डबक्यासारखा तुंबून राहतो.

न्हाणीघराचे आणि धुण्याचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून फिरून केळी आणि अळूला जाते. शौचालयाची सेप्टिक टाकी वेगळी आहे आणि तिचा शोषखड्डा बोअरपासून साठ फुटांवर ठेवला आहे. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि वासरू असल्याने दोन घनमीटरचा गोबर गॅस चालतो. त्याला रोज पन्नास किलो शेण लागते आणि थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा सिलिंडर वापरतो. सासूबाईंच्या भाकरीला गोबर गॅसची आच चांगली लागते.

सौर वीज मी शेवटी लिहिते आहे, कारण तिचा विचारही शेवटीच करावा. घर थंड, उजेडाचे आणि लहान असल्यामुळे दोन किलोवॉट पुरले. आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे महिन्याला दोनशे चाळीस. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला साठ हजार आणि तीन व त्याहून अधिकला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. बॅटरी घेतली नाही, जास्तीची वीज महावितरणच्या ग्रिडमध्ये जाते. एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत, ती अशी की ग्रिडची वीज गेली की असा संचही सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहून मुलांनी घरावरही एक बसवायचा आग्रह धरला होता. पण तिथला वारा आमच्या खोलगट गावात नाही, आणि दुसऱ्या जागेचे उत्तर आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही हे त्यांनाही समजावून सांगता आले.

खर्चाविषयी विचारणा होते म्हणून लिहिते. प्रति चौरस फूट पाहिले तर आमचे घर गावातल्या नेहमीच्या घरांपेक्षा स्वस्त पडले नाही. विटा, काँक्रीट, लाकूड यांत जे वाचले ते पाथरवटांच्या आणि गवंड्यांच्या मजुरीत गेले. मला त्याचे समाधान आहे, कारण तो पैसा कारखान्याकडे न जाता जवळच्या गावांतल्या माणसांच्या हाती गेला. एकूण खर्च कमी झाला तो केवळ आठ-साडेआठशे चौरस फूट बांधलेच नाहीत म्हणून. कर्जासाठी आलेल्या मूल्यमापकांना पोकळ विटेची भिंत आणि कौले भरलेला स्लॅब मान्य होईना, तेव्हा बाईंनी सगळी रेखाटने आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडून दिला आणि मग ते मार्गी लागले. अशी कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वीच तयार ठेवावीत.

अंगणाचा निर्णय सर्वांत शेवटी झाला. पेव्हर ब्लॉक टाकून घ्या, चिखल होणार नाही, असा सल्ला अनेक नातेवाइकांनी दिला. चिखल होतो हे खरे आहे. पण ब्लॉक टाकले की अंगणातला सगळा पाऊस रस्त्याच्या गटारात जातो आणि उन्हाळ्यात तीच फरशी संध्याकाळी उशिरापर्यंत धग सोडत राहते. आम्ही फाटकापासून ओसरीपर्यंत उरलेल्या दगडांची चार फुटी वाट केली, तिच्या दोन्ही बाजूंना मुरूम दाबला, आणि पूर्वेची बाजू परसबागेसाठी मोकळी ठेवली.